पाठ नसलेला फ्रॉक

जरा माझ्याबरोबर कल्पना करा. डोळे मात्र मिटू नका, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? अशी कल्पना करा, की तुम्ही आता मोठे झाला आहात, रोजच्या रस्त्याने रोजच्या कामाला निघाला आहात, आणि एका दुकानाच्या काचेआड तुमचा लहानपणचा फ्रॉक उभा आहे. तीच मोठी चौकोनी कॉलर, कॉलरच्या कडेने त्याच दोन पट्ट्या, कमरेला तोच ढगळ पट्टा. फ्रॉकच्या आत मूल नाही. मुंडकं नसलेला प्लास्टिकचा पुतळा आहे, आणि त्याच्या पायाशी खरी वाळू ओतून ठेवली आहे. काय कराल? तुमच्यातले निम्मे काचेला नाक लावतील, आणि ते बरोबरच आहे. पण जिची ही गोष्ट आहे ती बाई थांबली, तिने फ्रॉक खालपासून वरपर्यंत पाहिला आणि मनात म्हणाली, शी.

तिला आपण आत्याच म्हणू, कारण या गोष्टीत जे मूल आहे ते तिला आत्या म्हणतं. काचेवर मोठ्या गोलाकार अक्षरांत लिहिलं होतं, ‘पडद्यावरचा उन्हाळा’. शेजारच्या पुतळ्यांना रुंद काठाची गवती टोपी, ठिपक्यांचा रुमाल, घोट्यापाशी फुगलेली पँट असं काय काय चढवलेलं होतं. सगळं जुन्या सिनेमांतून उचललेलं. टोपी तर आत्याने लहानपणी ज्या सिनेमात काम केलं त्याच सिनेमातली होती. पुढच्या उन्हाळ्यात शहरातल्या निम्म्या बायका ही टोपी घालून हिंडतील आणि आपण फार नाजूक दिसतो असं समजतील, ती मनाशी म्हणाली. त्यांना कोण सांगणार की त्या सिनेमातल्या नायिकेच्या डोळ्याला रांजणवाडी झाली होती, डोळा लिंबाएवढा सुजला होता, आणि तो झाकायला कुणीतरी धावत जाऊन मिळेल ती सगळ्यांत मोठी टोपी आणली होती. एका सुजलेल्या डोळ्याला माणसं पिढ्यान्‌पिढ्या सौंदर्य म्हणतात. म्हणू देत. त्यांची लायकीच ती. असं म्हणून आत्या पुढे निघाली, पण तिच्या लक्षात आलं की चपलेत तिच्या पायाची बोटं आत वळली आहेत, मुठीसारखी, आणि सरळ करू म्हटलं तरी होत नाहीत.

आत्या चष्म्याच्या दुकानात काम करायची. फ्रेम चेहऱ्यावर बसवून द्यायची, काड्या गरम करून कानामागे वळवायच्या, नाकावरचे पॅड सारखे करायचे, मुगाच्या डाळीहून लहान स्क्रू पिळायचे, हे तिचं काम. दिवसभर तिच्यासमोर चेहरे येऊन बसत आणि आरशात स्वतःकडे बघत. आरशात बघणारा माणूस जो चेहरा करतो तो त्याचा नसतोच, हे तिला ठाऊक होतं. गाल आत ओढायचे, भुवई उचलायची, हनुवटी अशी काही पुढे काढायची की जणू कुणी हार घालणार आहे. त्या दिवशी पहिलंच गिऱ्हाईक गॉगलसाठी आलं, चांगला पोट सुटलेला गृहस्थ, आणि त्याने मोबाइलवर एका जुन्या नटाचा फोटो पुढे केला. “अगदी असा दिसला पाहिजे,” तो म्हणाला. “गॉगल असा देऊ शकते,” आत्या म्हणाली. “खालचं तुमचं तुम्ही बघा.” गृहस्थ हसला, त्याला वाटलं गंमत केली. तिने गंमत केली नव्हती. मालकाने काउंटरपलीकडून डोळे मोठे केले, तिकडेही तिने लक्ष दिलं नाही. गॉगलच्या काळ्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं, लहान, वाकडं, आणि एकदम नाकात तो वास आला: गरम झालेल्या दिव्यांवर जळणाऱ्या धुळीचा.

दिवे होते खरे, पण उबेचा पत्ता नव्हता. ही गोष्ट तुम्हाला नीट समजावून सांगायला हवी, कारण सिनेमा बघताना ती कळत नाही. तो उन्हाळ्याचा सिनेमा भर थंडीत काढला होता, पत्र्याच्या एका भल्यामोठ्या शेडमध्ये. शेडच्या एका टोकाला वाळूचा ढीग, मागे रंगवलेलं आभाळ, आणि ढिगावर मोठ्या कॉलरच्या फ्रॉकमधली एक मुलगी, म्हणजे आपली आत्या. दिवे लांब आणि उंच, त्यांची ऊब वरच्या पत्र्यालाच मिळायची. बोललं की तोंडातून वाफ निघायची, आणि उन्हाळ्यात वाफ कशी चालेल? म्हणून प्रत्येक वेळी कॅमेरा सुरू होण्याआधी तिच्या तोंडात बर्फाचा खडा ठेवत. तोंड आतून गार झालं की वाफ दिसत नाही. युक्ती हुशारीची आहे, नाही म्हणत नाही. फक्त तो खडा कुणाच्या तोंडात आहे याचा विचार करायचा. आणि फ्रॉक पांढरा नव्हताच. शुद्ध पांढरं कापड त्या कॅमेऱ्याला सोसायचं नाही, नुसता उजेडाचा गोळा दिसायचा, म्हणून कापड नीळ घालून मळकट केलेलं, भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचं. तेच पडद्यावर पांढरंशुभ्र दिसलं. दुकानातला पांढरा फ्रॉक म्हणजे त्या मळकट रंगाची नक्कल करायला निघालेली शुभ्र थाप.

त्याहून मोठी थाप मागे होती. तो फ्रॉक आत्यासाठी शिवलेलाच नव्हता. आधी निवडलेल्या मुलीला गोवर निघाला आणि ऐन वेळी लाइटवाल्याची मुलगी उभी केली, ती ही. आधीची मुलगी काडीसारखी होती. हिच्या अंगावर फ्रॉक पुढून बसला, पण मागे दोन्ही काठ एकमेकांना भेटेनात. तेव्हा कपडे सांभाळणारी बाई रोज सकाळी मागच्या फटीला एक चिंधी लावायची आणि फ्रॉक मुलीच्या अंगावरच शिवून टाकायची. धावदोरा. संध्याकाळी कात्रीने उसवायची. मधे काढायची सोय नाही. बसायचं नाही, चुण्या पडतात. पाणी प्यायचं नाही. पण बर्फाचा प्रत्येक खडा शेवटी पाणीच होतो, ही गोष्ट त्या हुशार माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. “आई, मला लागलीये,” ती स्टुलावर बसलेल्या आईला म्हणायची. आई डायरेक्टरकडे बघायची, डायरेक्टर दिव्यांकडे बघायचा. “एवढं एकच, राजा,” आई म्हणायची. “एवढं एक झालं की जायचं.” आई वाईट नव्हती. तिला आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या मोठ्या माणसांच्या मधे स्टूल टाकून बसायला मिळालं होतं, आणि ते स्टूल तिला हलू द्यायचं नव्हतं.

पुढचं अख्ख्या शहराने पाहिलं आहे. मुलगी वाळूत उभी असते. आभाळात पक्षी दिसतो. ती वर बघते, ओठ घट्ट, डोळे मोठे, श्वास रोखलेला. किती तरी वेळ तशीच बघत राहते, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू, अगदी हळूहळू, हसू पसरतं. बस, एवढंच. त्यावर लोकांनी केवढं लिहिलं. कुणी म्हणालं हा निरागसपणाचा सूर्योदय आहे. कुणी म्हणालं उन्हाळा स्वतः हसला. आत्याच्या आईने तो फोटो चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला आणि येणाऱ्या प्रत्येकासमोर मुलीला उभं करून म्हणाली, हसून दाखव गं तसं. तसं! आत्याला अजून ते आठवलं की कानशिलं तापतात. कारण ते हसू कसलं होतं हे जगात एकट्या तिलाच माहीत होतं. तिला धरवलं नव्हतं. त्या बर्फगार शेडमध्ये दिवसभरात पहिल्यांदाच काहीतरी गरम तिच्या पायांवरून खाली उतरलं होतं, सुटकेचं, लाजेचं, उबदार, आणि तिचा चेहरा तिला न विचारताच सैल झाला होता. गुडघ्यांखालचं कॅमेऱ्यात नव्हतं. फ्रॉक भिजला तो मागून, आणि मागची बाजू कुणी बघतच नव्हतं. वाळूने उरलेलं पिऊन टाकलं. डायरेक्टरने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या, आई रडली. ओली चिंधी पाठीला घेऊन ती मुलगी संध्याकाळची कात्री येईपर्यंत तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून तिला टाळ्या वाजवणाऱ्या माणसांची किळस आली ती आलीच. आणि तिने कुणाला काही सांगितलं नाही. किळस आली की सांगायची गरज उरत नाही. समोरचा ऐकण्याच्या लायकीचाच नाही असं एकदा ठरवलं, की तोंड मिटून बसायला फार सोपं जातं.

दुपारी भावजयीचा फोन आला. भावजय फोनवर नेहमी आधी धापा टाकते आणि मग बोलते. “ताई, तुम्ही बसला आहात ना? आधी बसा. अहो, टाचणीला घेतलं त्यांनी!” टाचणी म्हणजे भावाची मुलगी. अंग बारीक, डोकं मोठं, म्हणून भावानेच तिचं हे नाव पाडलं होतं. “कुणी घेतलं?” आत्याने विचारलं. “ते ‘पडद्यावरचा उन्हाळा’वाले! फोटोसाठी! मी सांगितलं ना त्यांना, ती खरी मुलगी म्हणजे आमच्या ह्यांची सख्खी बहीण. त्या बाई तर उडाल्याच. म्हणाल्या, रक्तातच आहे. तुम्हालाही बोलावलंय हो. तुम्ही नुसतं शेजारी उभं राहायचं.” आत्या म्हणाली, “नुसतं उभं राहण्यात माझा हात कुणी धरणार नाही.” “काय म्हणालात?” “येते म्हणाले.” का म्हणाली, तिला नीट कळलं नाही. बहुधा बघायला. मूर्खपणा किती खोल जातो ते काठावर उभं राहून बघण्यात एक सुख असतं, आणि आत्याकडे दुसरं कुठलं सुख फारसं नव्हतं.

संध्याकाळी भाऊ टाचणीला घेऊन आला आणि दारातच कुजबुजला, “ताई, तिथे काही बोलू नकोस हं. ही फार खूश आहे.” “मी कधी बोलते?” आत्या म्हणाली. “बोलत नाहीस, पण तुझं तोंड बोलतं,” तो म्हणाला आणि चप्पल काढून आत गेला. टाचणी मात्र सरळ आत्यापुढे येऊन उभी राहिली. “आत्या, तो पक्षी कुठला होता?” आजवर हा प्रश्न पुष्कळांनी विचारला होता, आणि आत्या प्रत्येकाला म्हणाली होती, आठवत नाही. आज तिच्या तोंडून निघून गेलं, “पक्षी नव्हता. बांबूला बांधलेला मोजा होता.” टाचणीने विचार केला. “कुणाचा?” “तुझ्या आजोबांचा. ते दिव्यांपाशी वर चढून बसलेले असायचे, तिथून हलवायचे.” “धुतलेला?” आत्याच्या ओठांचा कोपरा हलला, पण तिने तो जागच्या जागी धरला. “नव्हता,” ती म्हणाली. “शी,” टाचणी म्हणाली, आणि आत्याला वाटलं, हा शब्द आपल्या घरातलाच आहे. मुलगी अजून तिच्याकडे बघत होती, जणू पुढे काही येणार आहे. आत्याने पुढचं काही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? ही पोरही उद्या त्यांच्यासमोर पोपटासारखी मान वर करणारच होती.

दुसऱ्या दिवशी ‘पडद्यावरचा उन्हाळा’च्या दुकानात इतकी थंडी करून ठेवली होती की बाहेरच्या उन्हातून आत शिरताना दातावर दात आपटले. काचेमागची वाळू मधे आणली होती, मागे निळा पडदा. दुकानाची मालकीण उंच, हसतमुख, बोलताना समोरच्याचं कोपर धरणारी. तिने आत्याचं कोपर धरलं. “तो सीन आम्ही थांबवून थांबवून पाहिला हो. कॉलरचा एकेक टाका पाहिला. फक्त मागचं काही दिसेना. मागचं आम्ही आमच्या मनाने केलं. बघा ना, गोड आहे की नाही?” तिने फ्रॉक घातलेल्या टाचणीला खांद्याला धरून वळवलं. मानेपासून कमरेखालपर्यंत मोत्यांसारखी बारीक बटणं, एकाला एक लागून. मुलाचे हात तिथे कधीच पोचणार नाहीत. आत्याने त्या रांगेकडे पाहिलं. ज्याला आयुष्यात कधी घाईने कपडे काढावे लागले नाहीत त्याच्या डोक्यातून निघालेली पाठ होती ती. “गोड आहे,” आत्या म्हणाली. भाऊ दूर उभा होता, त्याने सुटकेचा श्वास टाकला. मग फोटोवाल्याने टाचणीच्या हातात उंच ग्लास दिला, नळी लावलेला, लाल सरबताचा, आणि म्हणाला, “खरंच पी हं, खोटं पिऊ नकोस, कळतं लगेच.” टाचणीने खरंच प्यायलं. ग्लास पुन्हा भरला. पुन्हा प्यायलं. मग ग्लास बाजूला ठेवून तिला म्हणाले, आता वर बघ.

टाचणी वर बघायला लागली. फोटोवाला कंटाळला, मालकीण टाळ्या वाजवून तिला हसवायला गेली, भावजयीने पक्ष्यासारखे हात फडफडवले. काही जमेना. आत्या भिंतीला टेकून बघत होती, आणि आतून तिला गोड गोड वाटत होतं. अशी उभी होती सगळी माणसं: एक खुळ्यासारखी हात हलवतेय, एक ‘डार्लिंग, डार्लिंग’ करतेय, एक गुडघ्यावर बसून डोळा मिचकावतोय, आणि सगळ्यांना काय हवंय, तर एका मोज्याकडे बघणाऱ्या पोरीचं तोंड. आणि मग भावजयीचे हात हवेतच थांबले. टाचणीचे ओठ घट्ट मिटले होते. डोळे मोठे झाले होते. श्वास रोखलेला होता. “हलू नकोस!” फोटोवाला ओरडला. “हाच! अगदी हाच भाव!” मालकीणबाईंनी छातीवर हात ठेवला. भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई,” टाचणी मान न हलवता हळूच म्हणाली. “एवढं एकच, बाळा,” भावजय म्हणाली. “एवढं एक झालं की संपलं. आता हस बघू तसं.”

आत्याला माहीत होतं आता काय होणार. थोडा वेळ गेला की हसू येणार होतं, मागवल्याप्रमाणे, हुबेहूब. आणि तिच्या मनात जे आलं ते मी लपवून ठेवणार नाही, कारण अशा वेळी माणसाच्या मनात काय येतं हे तुम्हालाही कधीतरी कळायला हवं. तिच्या मनात आलं, होऊ दे. होऊ दे यांच्या वाळूत, यांच्या शुभ्र फ्रॉकमध्ये, या कोपर धरणाऱ्या बाईच्या डोळ्यांदेखत. या खेपेला रंग पांढरा आहे, लपणार नाही. एकदा तरी यांना कळू दे की ते कशाला सूर्योदय म्हणतात. इतकी वर्षं ती ज्याची वाट बघत होती तो सूड असा आयता चालत आला होता आणि त्यासाठी तिला काहीच करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. तिने खाली पाहिलं. वाळूत टाचणीच्या पायाची बोटं आत वळली होती. मुठीसारखी. आत्याने आपल्या चपलेकडे पाहिलं. तिचीही.

“थांबा,” आत्या म्हणाली. आवाज घोगरा निघाला, कुणाला नीट ऐकूच गेला नाही. ती भिंतीपासून निघाली आणि चपलांसकट वाळूत शिरली. “अहो बाई, फ्रेममधे येताय!” फोटोवाला म्हणाला. “तिला बाथरूमला जायचंय.” “एकच मिनिट, प्लीज, आता कुठे तो भाव—” “भाव नाही तो,” आत्या म्हणाली. “तिला लागलीये.” आणि ती टाचणीच्या मागे जाऊन बसली. आयुष्यभर मुगाच्या डाळीएवढे स्क्रू सोडवलेली बोटं होती ती. मोत्यांची रांग भराभर उघडत गेली. “पळ,” ती म्हणाली. टाचणी पाठ उघडी टाकून, दोन्ही हातांनी फ्रॉक पोटाशी धरून धावत सुटली. दार धाडकन लागलं.

“मला सांगायचं तरी तिने!” भावजय म्हणाली. “सांगत होती,” आत्या म्हणाली. “तुम्ही हसू मागत होतात.” मग तिने भावाकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते एखादा जुना, निरुपयोगी स्क्रू काउंटरवर ठेवावा तसं समोर ठेवलं. “मी त्या सिनेमात हसले नव्हते. मला धरवलं नव्हतं. झाली तिथेच. ते हसू त्याचं आहे.” भाऊ वाळूकडे बघत राहिला. वर लावलेल्या यंत्रातून गार वारा खाली पडत होता. शेवटी मालकीणबाईंनी आत्याचं कोपर धरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “हे बाहेर कुठे बोलू नका हं. आमचा सगळा सीझन त्यावर आहे.” आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. तिरस्कार यायला हवा होता, तो आला, पण नेहमीसारखा पोटभर आला नाही. मधेच कुठेतरी तिला हसू फुटलं, चक्क मोठ्याने, नाकातून आवाज काढत, आणि ते कसं दिसतंय हे तिने कुठल्याही काचेत पाहिलं नाही.

दार उघडलं. टाचणी बाहेर आली. तिने फ्रॉक उलटा घातला होता. बटणांची रांग पुढे आली होती, तिला जमली तेवढी बटणं तिने लावली होती, ती पण एक सोडून एक, आणि ती मोठी चौकोनी कॉलर, जिचा एकेक टाका थांबवून थांबवून पाहिला होता, छातीवर असायची ती आता पाठीवर उलट्या बांधलेल्या लाळेऱ्यासारखी लोंबत होती. “अगं, उलटा घातलायस!” भावजय ओरडली. “सुलटाच आहे,” टाचणी म्हणाली. “आता माझा मला काढता येतो.” मग ती कॅमेऱ्यासमोरून सरळ चालत गेली, वाळूत फतकल मारून बसली, उरलेल्या सरबताचा ग्लास ओढून घेतला, नळीने तळाचा शेवटचा थेंब फुर्र करून ओढला, वर आत्याकडे पाहिलं, आणि शेजारची वाळू तळहाताने सपाट करून थोडी बाजूला सरकली.